अटक ते कटक, आणि मधला मुलूख

एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावघरात एक तलवार विकायला निघाली. पातं युरोपी बनावटीचं, मुठीवर सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा यांचं नाव. महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत बोली लावली आणि वाहतूक, विमा असा सगळा खर्च धरून 47 लाख 15 हजार रुपयांत ती सोडवली. 18 ऑगस्टला तलवार मुंबईत आली. त्या दिवशी नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या भाच्यानं तिचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपली वस्तू घरी आली.' मला आनंद झाला, खोटं कशाला बोला. 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर नागपूरकर भोसल्यांचा खजिना गेला. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढल्या वर्षी राज्यच खालसा झालं. राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे कवडीमोलानं लिलावात निघाले. तेव्हा लिलावात गेलेल्या घराण्याची एक वस्तू लिलावातूनच परत यावी, यात काही न्याय आहे असं वाटलंच.

मात्र त्या दिवसांत तलवारीबद्दल जे जे छापून आलं, त्या सगळ्यात एक वाक्य होतं: पहिल्या रघूजींनी बंगालच्या नवाबाविरुद्ध मोहिमा केल्या. एवढंच. पूर्णविराम, आणि पुढे ओडिशापर्यंत पोचलेला भगवा. त्या वाक्यामागची गोष्ट मी लहानपणापासून दोन घरांतून ऐकत आले. एक घर महालातलं, आमचं. दुसरं धंतोलीतलं, मैत्रिणीचं. दोन्ही घरांत ती वेगळी होती, आणि ती एकाच लढाईबद्दल आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं घर भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आबा संध्याकाळी ओसरीवर बसून गोष्टी सांगत, आणि त्यांच्या गोष्टींत शिवाजी महाराजांइतकाच मान पहिल्या रघूजींना असे. पुण्याचं नाव निघालं की ते जरा फुरंगटून म्हणत, "अटकेपार झेंडे पुण्यावाल्यांनी लावले, मान्य. पण 'अटक ते कटक' म्हणता नं? त्यातलं कटक कोणाचं? आमच्या नागपूरचं." मग रघूजींचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर रतनपूर घेऊन, रामगडच्या जंगलातून पाचेटला उतरून बर्दवानवर कसे पडले ते यायचं. आणि शेवटी मानकरा. 31 मार्च 1744 ला नवाब अलीवर्दीखानानं तहाच्या बोलणीसाठी पंतांना तंबूत बोलावलं आणि सोबतच्या वीसेक सरदारांसह कापून काढलं. इथे आबांचा आवाज दर वेळी बसायचा. "दगा केला," ते म्हणत. "समोरासमोर लढून जमलं नाही, तं दगा केला." आम्ही पोरं नवाबावर दात खाऊन झोपायला जायचो.

आबांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घराण्यातला कुणी एक त्या फौजेत बारगीर होता. सरकारी घोडा, सरकारी हत्यार, स्वतःचं काहीच नाही, असा शिपाई. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पुरावा म्हणून काशाची एक जड परात होती, काठाला बारीक वेल कोरलेली. ती त्यानं 'बंगाल्यातून आणली'. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आजी ती काढायची. खरंच ती तिकडची होती का, देव जाणे. पुढे मुर्शिदाबादजवळच्या खागड्याच्या काशाबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, असेलही. 'आणली' या क्रियापदाला मात्र आमच्या घरात कधी कुणी अडवलं नाही.

धंतोलीचं घर वेगळं. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी 1887 ला निघाली आणि 1891 पर्यंत नागपूरचे रूळ आसनसोलला जाऊन भिडले. भोसल्यांच्या घोड्यांनी जी वाट काढली होती, तिच्याच आसपास दीडशे वर्षांनी इंजिन धावू लागलं आणि उलट दिशेनं बंगाली माणसं नागपुरात आली: वकील, डॉक्टर, मास्तर, रेल्वेतले बाबू. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये निघालं तर त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. धंतोलीची दुर्गापूजा आम्हा नागपूरकरांना इतकी आपली वाटते की ती कुठून तरी आली आहे हे आठवतही नाही. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे आजोबा असेच रेल्वेतून आलेले, आणि तिची ठाकुमा लग्न होऊन काटव्याकडून आलेली. उभा जन्म नागपुरात जाऊन तिचं हिंदी मोडकंच राहिलं.

मी महालात राहते हे कळलं तेव्हा ठाकुमानं विचारलं, "महाल? राजा का बाडी के पास?" मी अभिमानानं हो म्हटलं. ती खो खो हसली आणि माझ्या हातावर संदेश ठेवत म्हणाली, "तब तो तुम बर्गी का बेटी है!" तेव्हापासून त्या घरात माझं नाव पडलं ते पडलंच. बर्गी आली, बर्गीला पाणी द्या, बर्गीला घरी सोडून या. मला वाटायचं, बंगालीत ते लाडाचं काहीतरी असावं. मैत्रिणीच्या धाकट्या भावाला झोपवताना ठाकुमा जे गाणं म्हणायची त्यातही तो शब्द होता. एकदा अर्थ विचारला. ती हसत नव्हती तेव्हा. म्हणाली, बाळ झोपत नसलं की ही भीती घालायची: घोड्यावरचे लोक आलेत, पीक गेलं, आता सारा कुठून भरायचा. "कौन लोग?" मी विचारलं. "तुम लोग," ती म्हणाली, आणि लगेच माझ्या गालाला हात लावला.

आमचा बारगीर तिकडे बर्गी झाला होता. आमच्या घरात तो परात घेऊन आलेला पूर्वज होता, आणि त्यांच्या घरात अडीचशे वर्षं पोरांना झोपवायच्या कामाचा.

जे घडलं ते बंगाल्यांनी त्याच काळात लिहून ठेवलं आहे. गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण' 1751 च्या सुमाराचं, आणि त्याची रचना विलक्षण आहे. पृथ्वीवर पाप फार झालं म्हणून शंकर नंदीला शाहू महाराजांकडे धाडतो: दूत पाठवून या पाप्यांना शासन कर. म्हणजे मराठे येतात ते देवाच्या आज्ञेनं, आणि कवी सुरुवातीला त्यांच्याच बाजूचा आहे. मग फौज गावांत शिरते. रुपये द्या, रुपये द्या म्हणत घरं जाळणं, नाकाकान कापणं, नाकात पाणी ओतणं, तळ्यात बुडवणं, बायकांवर अत्याचार. कोण कोण पळालं त्याची लांबच लांब यादी कवी देतो: पोथ्यांची गाठोडी घेऊन पंडित, तराजू घेऊन सोनार, जाळं घेऊन कोळी, तांबंपितळ घेऊन कासार. ब्राह्मण, वैष्णव, गाय, बाई, कुणी सुटलं नाही हे पाहून पार्वती संतापते आणि बाजू बदलून नवाबाच्या पाठीशी उभी राहते. भास्करपंतांचा मृत्यू या काव्यात दगा नाही, निवाडा आहे. बर्दवानच्या राजाचा सभापंडित वाणेश्वर विद्यालंकार यानं संस्कृतात लिहिलेल्या 'चित्रचंपू'तही हीच फौज गर्भवतींना आणि तान्ह्या पोरांना मारणारी म्हणून येते. तेव्हाच्या एका डच व्यापाऱ्याच्या अंदाजानं या दहा वर्षांत बंगाल-बिहारची चार लाख माणसं मेली. आकडा परक्याचा आणि अदमासाचा आहे, तो अर्धा करा, पाव करा. कासारांची ती ओळ वाचल्यावर मला मात्र आकड्याची गरज उरली नाही.

यात लढाईचा भाग किती आणि वसुलीचा किती, हे नीट पाहिलं तर दुसरा भागच मोठा दिसतो. 1742 च्या मे महिन्यात मीर हबीब मराठी तुकडी घेऊन मुर्शिदाबादेत घुसला तो जगतशेटच्या पेढीवर. हा मीर हबीब मूळचा इराणी, अलीवर्दीवर रुसलेला, आणि पुढची दहा वर्षं नागपूरकरांचा बंगालमधला सगळ्यात मोठा आधार. त्याच वर्षी भास्करपंतांनी काटव्याजवळ थाटानं दुर्गापूजा मांडली होती. ऐन नवरात्रात, सप्टेंबरच्या अखेरीला, अलीवर्दीनं पहाटे छावणीवर छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून फौजेला पळावं लागलं. 1743 मध्ये खुद्द पेशवे नानासाहेब बंगालमध्ये उतरले, आणि ते नवाबाच्या बाजूनं, रघूजींना हाकलण्यासाठी: 22 लाख रुपये आणि चौथाईच्या वचनावर. मग साताऱ्याला शाहू महाराजांनी दोघांचं भांडण मिटवलं. कुठला सुभा कुणाच्या वाट्याला हे कागदावर ठरलं, बंगाल-ओडिशा रघूजींकडे आले. ज्यांनी भागीरथी कधी पाहिली नव्हती त्यांनी ती वाटून घेतली. पुढे साहेबांनी आपल्याला असंच वाटून घेतलं, तेव्हा आपण केवढे चिडलो. 1751 च्या तहात वर्षाला 12 लाख चौथाई ठरली, सुवर्णरेखा नदीची हद्द पडली आणि स्वाऱ्या थांबल्या. दरम्यान पश्चिम बंगालमधली माणसं गंगा ओलांडून पूर्वेला आणि इंग्रजांच्या कलकत्त्यात पळाली होती. मराठ्यांच्या धाकानं कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरा कधी झालाच नाही. 1799 मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' ही गल्ली अजून आहे.

मारणारे बहुतेक हिंदू, मरणारे बहुतेक हिंदू, मारणाऱ्यांचा वाटाड्या मुसलमान, आणि वाचवायला धावणारा नवाब मुसलमान. या गोष्टीचा झेंडा करायचा तर रंग कुठला द्यायचा? महाराष्ट्रातल्या कुठल्याच पक्षाला ही गोष्ट सोयीची नाही. म्हणून ती नाकारलीही जात नाही, नुसती एका वाक्यात आटोपली जाते. ओडिशात हिशेब जरा निराळा आहे. तिथे नागपूरकरांनी 1803 पर्यंत राज्य केलं, जगन्नाथाच्या पूजेअर्चेची व्यवस्था लावली, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे मराठी अमदानीतच उभा राहिला. तिथला माणूस मराठ्यांबद्दल बोलताना शिवी आणि आशीर्वाद दोन्ही वापरतो. बंगालमध्ये राज्य केलं नाही, नुसती वसुली केली. त्यामुळे तिथे आशीर्वादाचा प्रश्न आला नाही.

ठाकुमाचं बोलणं मी घरी येऊन आबांना सांगितलं होतं. ते चिडतील असं वाटलं. ते चिडले नाहीत, वकिलासारखे बोलले. लढाई म्हटली की होतंच. इंग्रजांनी काय कमी केलं? मुघलांनी? अन् फौजेला पगार कुठून द्यायचा, मुलखातूनच नं? शिवाय गावं जाळणारे आपले नव्हेत, पेंढारी असतील, बाजारबुणगे असतील. हे चारही मुद्दे मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकले. चांगल्या शिकलेल्यांच्या, पुस्तकं लिहिणाऱ्यांच्याही. क्रमसुद्धा हाच असतो. आधी सगळेच करत होते, मग गरज होती, आणि शेवटी ते आपले नव्हतेच. आजी आत भांडी लावत होती. तिनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ते परात मंग कोण्या बाईची असंल नं?" आबा काही बोलले नाहीत. आजीनंही विषय वाढवला नाही, आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांना परात निघाली. तिनं ती टाकून द्यायला हवी होती असं मला वाटत नाही. टाकून कुणाला मिळणार होती?

नागपूरला आपल्या इतिहासाचा हिशेब करता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्याइतका वाजतगाजत तो कुणी करत नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते तेव्हा माणसावर माणूस चढलेला असतो, आणि इडापिडा घेऊन जा म्हणून जो ओरडा होतो तो महालापर्यंत ऐकू येतो. लहानपणी आजी मला कडेवर घेऊन नेई. काळी मारबत म्हणजे कोण, हे नागपूरच्या शेंबड्या पोराला विचारा: बांकाबाई. दुसऱ्या रघूजींची विधवा, जी म्हणे इंग्रजांना फितूर झाली. दरवर्षी तिला गावभर फिरवायचं, शिव्या द्यायच्या आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं.

बांकाबाईनं काय केलं होतं? 1816 मध्ये नवरा गेला. गादीवर आलेला परसोजी दुबळा, तो वर्षभरात अंथरुणातच मारला गेला आणि ठपका अप्पासाहेबांवर आला. अप्पासाहेब सीताबर्डीला हरून पुढे परागंदा झाले. इंग्रजांनी गादीवर लहान मूल बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार बघायला या बाईला पुढे केलं. राज्य खालसा झालं तेव्हा तिनं विरोध केला, दाद मागितली, काही उपयोग झाला नाही. 1857 च्या जूनमध्ये नागपुरातल्या घोडदळानं उठावाचा बेत केला तेव्हा पंचाहत्तरीच्या या म्हातारीनं नातेवाइकांना दटावलं, त्यात पडू नका. 1858 मध्ये ती वारली. तिला भ्याड म्हणा, हिशेबी म्हणा. पण परसोजीच्या खुनाचा ठपका असलेल्या अप्पासाहेबांचा पुतळा आम्ही कधी जाळला नाही, आणि बंगालचा तर प्रश्नच नाही. भोसल्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या राज्यातून आम्ही जाळण्यासाठी निवडलं कुणाला, तर शेवटी शिल्लक राहिलेल्या विधवेला. हरल्याचा राग असा दरवर्षी निघतो. मारल्याचा हिशेब ठेवायला मात्र आमच्याकडे कुठला सण नाही.

17 मार्च 2025 ला याच महालात, शिवाजी पुतळ्याजवळ, औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा म्हणून निदर्शनं झाली. प्रतिकृती जाळली. जाळलेल्या कापडावर धर्मवचनं होती अशी अफवा उठली, आणि संध्याकाळपर्यंत दगड, पेट्रोल, जळत्या गाड्या. अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. एक तरुण पुढे दवाखान्यात दगावला. 'छावा' सिनेमा पाहून लोकांच्या भावना पेटल्या, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. मी त्या रात्री भावाच्या घरी फोन करत होते. भाचा गच्चीवर होता, त्याला खाली बोलावत होते. औरंगजेब मेला 1707 मध्ये. त्याची याद आमच्या गल्लीत इतकी ताजी आहे की तिच्यावर दुकानं जळतात. आणि त्याच गल्लीतून 35 वर्षांनी जी फौज निघाली, तिचं आम्हाला एक वाक्य आठवतं. औरंगजेबानं संभाजी महाराजांचे हाल केले ते विसरा असं मी म्हणत नाही. विसरायला सांगणारी मी कोण. पण ज्याला तीनशे वर्षं आठवतं, त्याला पावणेतीनशेही आठवायला हवं.

जगात हे कसं करतात म्हणून लोक जर्मनीकडे बोट दाखवतात. 7 डिसेंबर 1970 ला वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे चान्सलर विली ब्रांट गुडघ्यांवर बसले, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. 'डेर श्पीगल'नं त्यानंतर घेतलेल्या पाहणीत 48 टक्के जर्मनांना ते जास्तच झालं असं वाटलं होतं आणि 41 टक्क्यांना योग्य, हे कमी जणांना ठाऊक असतं. बर्लिनचं ज्यू हत्याकांडाचं स्मारक 2005 मध्ये झालं आणि 2017 मध्ये 'एएफडी' पक्षाच्या ब्यॉर्न होकेनं त्याला शरमेचं स्मारक म्हणून आठवणीचं धोरण पार उलटं फिरवायची मागणी केली. तो पक्ष त्यामुळे संपला नाही, वाढला. म्हणजे एकदा गुडघे टेकले की काम झालं, असं तिथेही नाही. इंग्रजांचं तर विचारूच नका. जालियनवाला बागेला शंभर वर्षं होत आली तेव्हा थेरेसा मे यांनी पार्लमेंटात तो लाजिरवाणा डाग म्हटला, खेद व्यक्त केला, आणि माफी हा शब्द मोठ्या शिताफीनं चुकवला. आपण त्यावर रागावलो, योग्यच होतं. त्या रागाचं माप आपल्यालाही लागू पडतं, एवढंच.

बंगालनं मात्र आपला हिशेब एकदा आपणहून मिटवायचा प्रयत्न केला होता, तोही एका मराठी माणसाच्या भिडेखातर. सखाराम गणेश देऊसकर हे देवघरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, लिहिणारे मात्र बंगालीत. त्यांच्या आग्रहावरून रवींद्रनाथांनी 1904 मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली आणि ज्यांच्या घोडदळाच्या नावानं बंगाली पोरं झोपत होती, त्यांच्याच राजाला बंगालचा नमस्कार केला. 1906 च्या जूनमध्ये टिळक कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला गेले तेव्हा लोक लोटले. शत्रू आता इंग्रज होता, जुनी तक्रार मागे ठेवणं सोयीचंही होतं. पण ठेवली त्यांनी. आपल्याकडून त्याला उत्तर काय गेलं, ते मला सापडलेलं नाही. निदान दोन इतिहासकारांनी मात्र ही गोष्ट सभ्यपणे निभावली. सर जदुनाथ सरकारांनी शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं आणि बर्गींच्या अत्याचारांबद्दलही हातचं राखून लिहिलं नाही. रियासतकार सरदेसाईंशी त्यांची मैत्री जवळजवळ अर्धं शतक टिकली. दोघांची मतं जुळत नसत, पत्रांमधून भांडण चाले, आणि जदुनाथ सरदेसायांकडे कामशेतला येऊन राहतही. आजच्या टीव्हीवरच्या चर्चांच्या मानानं ही फारच शांत देवाणघेवाण वाटेल.

2021 च्या बंगालच्या निवडणुकीत बाहेरून आलेल्या प्रचारकांना 'बहिरागत' म्हणायची चढाओढ लागली आणि अंगाईतले बर्गी पुन्हा लेखांत, भाषणांत डोकावले. मैत्रीण आता कोलकात्याला असते. तिनं फोनवर सांगितलं, "तुझे पूर्वज परत आले बघ, या वेळी हेलिकॉप्टरमधून." आम्ही हसलो. पण मला ते पटलं नव्हतं, आणि मी तिला तसं सांगितलंही. ज्यांना बर्गी म्हणत होते त्यातले बरेच गुजराती, हिंदी भाषक, आणि कितीतरी बंगालीच. जुनी जखम खरी असली म्हणून तिच्या नावानं मागितलेलं मत खरं होत नाही. ती म्हणाली, मग तुम्ही लोक बोला नं आधी. तुम्ही बोलत नाही, म्हणून ज्याला गरज पडते तो बोलतो.

तलवार आली तेव्हा मला तिचं हे बोलणं आठवलं. राजीनामे, माफीनामे, पुतळे असलं काही मला सुचत नाही. 280 वर्षांपूर्वीच्या फौजेबद्दल आजच्या माणसानं माफी मागावी, यात थोडं नाटक आहेच. पण तलवार कधी ना कधी काचेच्या पेटीत राहील, आणि पेटीखाली पाटी लागेल. त्या पाटीचा मजकूर मी लिहून पाहिला आणि घरच्या ग्रुपवर टाकला:

'नागपूरकर पहिले रघूजी भोसले (मृत्यू 1755) यांची तलवार. 1742 ते 1751 या काळात त्यांच्या फौजांनी बंगाल, बिहार, ओडिशात मोहिमा केल्या. ओडिशा मराठ्यांकडे आला. बंगालमध्ये असंख्य गावं जळाली आणि माणसं मारली गेली. तिथल्या लोकगीतांत ती आठवण अजून आहे.'

ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग काकांनी दोन हात जोडलेले पाठवले, ज्याचा अर्थ नागपुरात काहीही होऊ शकतो. वहिनीनं विचारलं, पाटी इतकी मोठी असते का? मैत्रिणीला वेगळा पाठवला तर तिनं तक्रार केली की मीर हबीब गाळलास, सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर घ्यायचीही गरज नाही. ते मी दुरुस्त केलं. पाटी आणखी लांबली.

रात्री भाच्याचा फोन आला. मार्चच्या कर्फ्यूत अडकलेला, चिडका झालेला पोरगा. मला वाटलं, भांडणार. तो म्हणाला, "आत्या, लिहिलं तं बरोबर आहे, मी चेक केलं. पण खाली नाव कोणाचं टाकून राहिली तू?"

मी म्हटलं, सरकारच्या सांस्कृतिक कार्य विभागाचं. तलवारीचे पैसे त्यांनीच भरले आहेत.